फाटलेला तळवा काय सांगतो? माउंटन बायकिंगच्या हातमोज्यांबद्दल, सोप्या भाषेत

पावसाळा संपल्यानंतरच्या पहिल्याच कोरड्या रविवारी माझा भाचा टेकडीवर सायकलवरून पडून घरी आला. आला तो थेट स्वयंपाकघरात, आणि उजव्या हातातला ग्लोव्ह काढून त्यानं ओट्यावर आपटला. "मामा, हे बघ. घेऊन तीन महिने झाले फक्त. सरळसरळ गंडवलंय."

मी ग्लोव्ह उलटा करून उजेडात धरला. मनगटाच्या जरा वर, तळहाताच्या फुगीर भागावर एक रुपयाच्या नाण्याएवढं भोक होतं. कडा विरलेल्या, त्यांत मुरमाचे दोन बारीक खडे रुतलेले, आणि आतला पातळ फोम बाहेर डोकावणारा. मग त्याचा हात पाहिला. बरोबर त्याच जागी कातडी लालबुंद झाली होती, पण सोलली नव्हती. रक्ताचा थेंब नाही.

"गंडवलं कुठे? याचं जे काम होतं ते यानं केलंय," मी म्हटलं. त्याला काही ते पटलं नाही. दोन हजार रुपये खर्च केलेल्या माणसाला ते लगेच पटूही नये.

सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर मोसमात हाच वाद रंगतो. एक म्हणतो, अमुक ग्लोव्ह सहा महिन्यांत फाटला, घेऊ नका. दुसरा म्हणतो, माझा तमुक चार वर्षं जसाच्या तसा आहे, डोळे मिटून घ्या. गंमत अशी की दोघंही खरं बोलत असतात आणि दोघांच्याही बोलण्यावरून कोणता ग्लोव्ह चांगला ते ठरत नाही. कारण टिकणं आणि हात वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पुष्कळदा ती एकमेकांच्या विरोधात जातात.

## तळहाताची कातडी साधी नाही

आधी ज्याला वाचवायचं ते बघू. तळहाताची कातडी अंगावरच्या बाकीच्या कातडीपेक्षा वेगळी असते. वरचा थर जाड, केस नाहीत, तेलग्रंथी नाहीत, घामाच्या ग्रंथी मात्र भरपूर. स्पर्श, दाब आणि कंप ओळखणारे सुमारे १७,००० मज्जातंतूंचे टोक एका हाताच्या तळव्यात आणि बोटांत असतात. अशी कातडी शरीरात आणखी एकाच ठिकाणी आहे, तळपायाला. त्यामुळे तळहात खोलवर सोलला तर मांडीची कातडी आणून तिथे लावली तरी ती मूळच्यासारखी वागत नाही.

पडताना आपण पहिल्यांदा पुढे काय करतो? हात. कुणी शिकवावं लागत नाही, तोल गेला की तळहात आपोआप जमिनीकडे जातो. आणि जमीन म्हणजे आपल्याकडे मुरूम. झिजलेल्या काळ्या पाषाणाचे हे बारीक, धारदार खडे सायकलच्या चाकाखाली बॉल बेअरिंगसारखे घरंगळतात आणि तळहाताखाली किसणीसारखे वागतात. कोकणात किंवा गोव्यात सायकल चालवणाऱ्यांना हेच काम जांभा करून देतो. जांभ्याला भोकं असतात, म्हणजे किसणी आणखी पक्की.

मुरूम कातडीत रुतून राहिला आणि नीट धुवून काढला नाही, तर जखम भरल्यावरही तिथे कायमचा काळपट डाग राहतो. गोंदल्यासारखा. माझ्या डाव्या तळहातावर असे तीन ठिपके आहेत. ग्लोव्हज घरी विसरल्याच्या दिवशीचे.

## पडल्यावर हात किती घासतो?

इथे थोडं गणित करू, पण भिंतीवर खडूनं करता येईल एवढंच.

ताशी २० किलोमीटर वेगानं जाणारा माणूस पडला आणि सपाट जमिनीवर घसरत गेला, तर तो साधारण अडीच मीटरवर थांबतो. वेळ लागतो सुमारे एक सेकंद. उतार असेल तर अंतर वाढतं, मध्ये दगड आला तर कमी होतं, पण अंदाज हा धरायला हरकत नाही.

आता मोटरसायकलवाला घ्या, ताशी ८० चा. वेग चौपट. घसरण्याचं अंतर मात्र चौपट होत नाही, सोळापट होतं, कारण ते वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. म्हणजे चाळीस मीटरच्या वर. म्हणून मोटरसायकलचे ग्लोव्हज जाड चामड्याचे, दुहेरी थरांचे असतात आणि सायकलचे नसतात. आपल्या ग्लोव्हला चाळीस मीटर टिकायचंच नाहीये. दोन-चार मीटर तग धरून, कातडीऐवजी स्वतः किसला जाऊन त्यानं मोकळं व्हायचं आहे.

थोडक्यात ग्लोव्हचा तळवा ब्रेक पॅडसारखा आहे. पॅड झिजतो म्हणून रिम वाचते. न झिजणारा पॅड हवा असं म्हणणारा माणूस शेवटी रिम बदलत बसतो.

भाच्याच्या ग्लोव्हला पडलेलं भोक म्हणजे त्या दोन मीटरांची पावती होती.

## हाड वाचेल का? नाही

ग्लोव्हबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज हा. तळव्यात फोमचे किंवा जेलचे फुगीर तुकडे असतात, ते दाबून बघताना वाटतं की पडल्यावर हेच मनगट वाचवणार.

पुन्हा खडू घ्या. हँडलबारच्या उंचीवरून, म्हणजे साधारण एक मीटरवरून, हात खाली आला तर जमिनीवर आपटताना त्याचा वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास असतो. ही सगळी गती ३ मिलिमीटरच्या फोमनं एकट्यानं थांबवायची ठरवली, तर १ मीटरची पड ३ मिलिमीटरमध्ये संपली. १,००० भागिले ३. म्हणजे वजनाच्या तीनशेहून अधिक पट जोर. तोच हात कोपरात वाकत गेला आणि ३० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर जोर वजनाच्या चारेक पट. हिशेब ढोबळ आहे, पण फरक शंभरपटीच्या घरातला आहे. मनगटाला वाचवतं ते कोपर, ग्लोव्ह नाही. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे घ्यायला शिकवतात ते याच कारणानं.

हात ताठ धरून पडलं की दोन हाडांची पंचाईत होते. एक मनगटाजवळचं रेडियस. आयर्लंडच्या अब्राहम कॉलिस या शल्यचिकित्सकानं १८१४ मध्ये त्याच्या मोडण्याचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टर अजून 'कॉलिस फ्रॅक्चर' म्हणतात. ते मोडलं तर हात वाकडा दिसतो, कळतं तरी.

दुसरं जास्त लबाड आहे. अंगठ्याच्या मुळाशी स्कॅफॉइड नावाचं होडीच्या आकाराचं छोटं हाड असतं. अंगठा वर ताणला की मनगटाजवळ ताणल्या गेलेल्या दोन स्नायुदोऱ्यांमध्ये खळगा पडतो. जुनी माणसं तिथे तपकीर ठेवून ओढत, आणि शरीरशास्त्रातही त्याला तपकिरीच्याच डबीचं नाव आहे. पडल्यावर त्या खळग्यात दाबून दुखत असेल तर ग्लोव्ह कितीही भारी असो, डॉक्टरकडे जायचं. हे मोडणं पहिल्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये कधीकधी दिसत नाही, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. आणि या हाडाला रक्तपुरवठा उलट्या बाजूनं, बोटांकडच्या टोकाकडून येतो, त्यामुळे मधोमध मोडलं तर मनगटाकडचा तुकडा उपाशी राहून जुळायला नकार देऊ शकतो. "नुसतं मुरगळलंय" म्हणून आयोडेक्स चोळत बसलेली माणसं सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेला जातात ती बहुधा यामुळे.

तेव्हा ग्लोव्हकडून मागायचं ते कातडी, नखं आणि बोटांचे सांधे यांच्यापुरतं. मनगट मागू नका.

## मग तो बनतो कशाचा?

१९७६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका जंगलरस्त्यावर, काही टोळभैरव जुन्या जाडजूड सायकली घेऊन उतारावरून शर्यत लावू लागले. रस्ता इतका तीव्र की मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक तापून त्यातलं ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावं लागे. त्यावरून शर्यतीचं नावच 'रीपॅक' पडलं. माउंटन बायकिंगची ही बालवाडी. अंगावर जीन्स, पायात जाड बूट आणि हातात कामगारांचे चामडी ग्लोव्हज. या खेळासाठी वेगळा ग्लोव्ह असा काही नव्हताच.

आजच्या ग्लोव्हमध्ये साधारण चार गोष्टी असतात. तळव्याला कृत्रिम चामडं, बोटांच्या पाठीवर ताणणारं जाळीदार कापड, सांध्यांवर काही असेल तर रबरी किंवा फोमचं कवच, आणि अंगठ्यावर टॉवेलच्या कापडाची पट्टी. ही पट्टी घाम पुसायला असते. नाकही तिच्यावरच पुसलं जातं, पण ते कंपनीवाले सांगत नाहीत.

कृत्रिम चामडं म्हणजे नायलॉनसारख्या अतिबारीक धाग्यांचा दाबून केलेला थर आणि त्याच्यात भिनवलेलं पॉलियुरेथेन नावाचं प्लॅस्टिक. जपानच्या कुरारे कंपनीचं 'क्लॅरिनो' हे त्यातलं प्रसिद्ध नाव. खऱ्या चामड्यापेक्षा हे हलकं, एकसारख्या जाडीचं, धुतलं तरी आकार न सोडणारं. खरं बकऱ्याचं चामडं घासायला जास्त चिवट, हाताला मऊसूत बसणारं, पण भिजून वाळलं की पापडासारखं होतं. भिजलेली कोल्हापुरी उन्हात ठेवून सकाळी पाय घालायला गेलेल्या माणसाला जास्त सांगायला नको.

पण पॉलियुरेथेनचाही एक शत्रू आहे आणि तो आपल्याकडे चार महिने मुक्कामाला असतो. हवेतला ओलावा. ओलाव्यानं या प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या हळूहळू तुटतात. ट्रेकचे बूट दोन-तीन वर्षं कपाटात ठेवले, एकदाही घातले नाहीत, आणि गडाच्या पहिल्याच चढाला तळवा केकसारखा भुगा होऊन गळून पडला, हे पाहिलंय ना? ग्लोव्हचंही तेच होतं, सावकाश. म्हणून "नवाच आहे, नुसता ठेवलेला" या शब्दाला फार अर्थ नाही. कपाटात ग्लोव्ह म्हातारा होतो.

काही ग्लोव्हजवर 'केव्हलर' लिहिलेलं असतं. ड्यूपाँट कंपनीतल्या स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये शोधलेला हा धागा ओढायला आणि कापायला दाद देत नाही. पण त्याला ऊन सोसत नाही. बाल्कनीच्या कठड्यावर वाळत घातलेला केव्हलर रोज थोडा थोडा अशक्त होत जातो. शिवाय धागा किती आहे आणि कुठे आहे ते बघायचं. दोन बोटांच्या शिवणीत असेल तरी लेबलावर ठळक अक्षरांत येतं.

## कुठे विरला ते आधी बघा

न पडताही ग्लोव्ह विरतो, आणि कुठे विरला यावरून पुष्कळ कळतं. चपलेचा तळवा बघून चांभार माणसाची चाल सांगतो तसंच.

तळहाताची मनगटाकडची बाजू विरली असेल तर अंगाचं वजन हातांवर जास्त येतंय. सीटचं नाक खाली झुकलेलं असतं, माणूस पुढे घसरत राहतो आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत राहतो. नवा ग्लोव्ह घेण्याआधी सीट सरळ करा, फुकटचं काम आहे.

अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली जागा विरली तर हँडलबारच्या रबरी मुठीच्या, म्हणजे ग्रिपच्या, कडेनं किंवा गिअरच्या खटक्यानं ती खाल्ली. तर्जनीचं दुसरं पेर विरलं तर ते ब्रेक लिव्हरचं, आणि तुम्ही एका बोटानं ब्रेक मारता, म्हणजे सवय चांगली आहे. आणि विरण्याऐवजी शिवणच उसवली असेल, तर ग्लोव्ह एक तर घट्ट आहे किंवा शिवण वाईट आहे. बोटांच्या खाचेत पहिल्या महिन्यात उसवलेली शिवण हीच ती खरी फसवणूक. तिथे दुकानदाराशी हुज्जत घालायला अजिबात लाजू नये.

तळव्याला सुरकुत्या पडून त्या सुरकुत्यांच्या माथ्यावर तो विरला असेल, तर ग्लोव्ह मोठा आहे. हे सगळ्यात जास्त दिसतं. मोठा ग्लोव्ह हातावर सरकतो, सरकला की घासतो, घासला की विरतो आणि जाता जाता हाताला फोडही देतो. आपल्याकडे लहानपणापासून 'वाढत्या अंगाचं' घ्यायची सवय, ती इथे नडते. दुकानात ग्लोव्ह घालून मूठ आवळा. तळव्यात कापडाची घडी जमली किंवा बोटांच्या टोकाला भात भरायला जागा उरली, तर एक माप खाली.

## "मग जाडच घेतो ना, कटकट नको"

हा भाच्याचा पुढचा प्रश्न, आणि रास्त प्रश्न.

क्रिकेटचे बॅटिंग ग्लोव्हज आठवा. बोटांच्या पाठीवर जाडजूड वळकट्या, कारण चेंडू तिकडून येतो. तळव्याला मात्र पातळ मऊ चामडं, आणि तेच सगळ्यात आधी फाटतं. कंपनीला तिथे जाड चामडं लावता येत नाही असं नाही. लावलं तर बॅट हातात कळणार नाही.

सायकलचंही असंच. पुढचं चाक मुरमावर सुटायला लागलं की पहिला निरोप हँडलबारमधून तळहाताला येतो, डोळ्यांना नंतर. जाड तळव्यात तो निरोप हरवतो. दुसरं म्हणजे, ग्रिपची जाडी साधारण ३० ते ३४ मिलिमीटर असते. तळव्याला एक मिलिमीटर वाढवला की मुठीसाठी ती जाडी दोन मिलिमीटरनी वाढल्यासारखी होते. हात जास्त आवळावा लागतो. लांब उतारावर पोटऱ्या भरून येतात तशी कोपराखालची बाजू भरून येते, बोटं उघडेनाशी होतात आणि ब्रेक दाबताना ती ऐनवेळी दगा देतात. जाड ग्लोव्ह पडल्यावर जास्त वाचवेल, पण त्याच्यामुळे तुम्ही जास्त वेळा पडाल. हा सौदा मला तरी परवडत नाही.

बांधकामावरचे रबर चढवलेले ग्लोव्हज दीडशे रुपयांत मिळतात आणि घासायला खरोखर चिवट असतात. मी एक मोसम वापरलेत. अर्ध्या तासात आत घामाचं तळं, आणि शिवणीची घडी नेमकी तळहातावर. सकाळच्या गारव्यात, छोट्या फेरीला चालतात. पैसे नसतील तर उघड्या हातापेक्षा लाखपटीनं बरे, हे मात्र नक्की.

## लेबलावरचे आकडे वाचायचे कसे

हेल्मेटसाठी युरोपात ईएन १०७८ नावाचं मानक आहे. मानक म्हणजे वस्तू कशी तपासायची आणि किती उतरली तर पास म्हणायचं याचा ठरलेला नियम. सायकलच्या ग्लोव्हजसाठी असं खास, सगळ्यांना लागू पडणारं मानक नाही. म्हणून कंपन्या शेजाऱ्यांकडून उसनं आणतात, आणि शेजारी दोन आहेत.

एक ईएन ३८८, कारखान्यातल्या कामगारांच्या ग्लोव्हजचं. हातोड्याच्या चित्राखाली चार आकडे आणि त्यापुढे अक्षर असतं. पहिला आकडा घासण्याचा. पॉलिश पेपरनं नमुना घासतात. १०० फेऱ्या टिकला तर १, ५०० ला २, २,००० ला ३ आणि ८,००० ला ४. दुसरा आकडा पात्याच्या कापाचा, तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा. आपल्याला हवा तो पहिला, थोडा तिसरा. दुसऱ्या आकड्यात ५ बघून हुरळून जाऊ नका. तो काच आणि पत्रा हाताळणाऱ्यांसाठी आहे, टेकडीवर कुणी आपल्यावर सुरी चालवत नाही.

दुसरं ईएन १३५९४, मोटरसायकलवाल्यांचं. इथे नमुना फिरत्या, खरखरीत पट्ट्यावर आपटतात आणि भोक पडायला किती सेकंद लागतात ते मोजतात. पट्ट्याचा वेग ताशी २९ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास आपल्याच पडण्याचा वेग. तळव्यासाठी साधारण ४ सेकंद टिकला तर पहिली पातळी, ८ सेकंद टिकला तर दुसरी. आपलं घसरणं सेकंद-दीड सेकंदाचं असतं हे लक्षात घेतलं, तर पहिली पातळीही आपल्याला पुरून उरते. याच मानकात ग्लोव्ह हातातून निसटतो का हेही तपासतात, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. पडताना निसटलेला ग्लोव्ह म्हणजे गाडीच्या डिकीत ठेवलेलं हेल्मेट. 'केपी' ही अक्षरं दिसली तर सांध्यांवरच्या कवचाचीही आघातचाचणी झालेली आहे.

पण यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर? बहुतेक सायकल ग्लोव्हजवर नसतंच. मग त्यांना वाईट ठरवायचं कारण नाही, तपासलेले नाहीत एवढंच.

## सांध्यांवरचं कवच: दिखावा की कामाचं?

नव्वदच्या दशकात माउंटन बाइकचे हँडलबार ६०० मिलिमीटरपेक्षाही अरुंद असायचे. आता ७८० ते ८०० सर्रास. दांडा रुंद झाला, सायकल आटोक्यात राहू लागली, पण बोटं दोन्ही बाजूंनी दहा-दहा सेंटिमीटर झाडांच्या जवळ गेली. करवंदीच्या जाळीतून किंवा बाभळींमधून जाणाऱ्या पायवाटेवर करंगळीचा सांधा सगळ्यात आधी बोहनी करतो.

म्हणून कवच. साधं रबरी कवच ओरखडे आणि फांद्यांचे फटके अडवतं. त्यापुढचे डी-थ्री-ओ सारखे पदार्थ असतात, एका ब्रिटिश कंपनीचे, केशरी रंगाचे. हळू दाबले तर मऊ, फटका बसला की क्षणभर घट्ट. घरी बघायचं असेल तर कॉर्नफ्लॉवर थोड्या पाण्यात घट्ट कालवा. बोट हळू घातलं तर आत जातं, मूठ मारली तर आपटते. मुलांना दाखवा, पुढचा तासभर ओटा पुसायची तयारी ठेवून.

मोकळ्या माळावर, मुरमाच्या रुंद वाटेवर चालवणाऱ्याला याची गरज नाही. उगीच गरम होतं. झाडीत जाणाऱ्यानं घ्यावं. झाडाच्या खोडावर सरळ आपटलात तर मात्र हे कवचही हाड वाचवेल अशी आशा करू नका.

बोटं उघडी राहणारे अर्धे ग्लोव्हज डांबरी रस्त्यासाठी ठीक. टेकडीवर नखं आणि बोटांची टोकं पहिल्यांदा जातात, तेव्हा पूर्ण बोटांचेच.

## जेलच्या गाद्या

हात बधिर होतो म्हणून लोक जेलचे फुगीर ग्लोव्हज घेतात. कधी फायदा होतो, कधी उलटं होतं. करंगळीच्या बाजूनं, तळहाताच्या मुळाशी, एका अरुंद बोळातून अल्नर नावाची नस जाते. तासन् तास तिथे दाब आला की करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर होतं. गादी जर दाब नसेच्या आजूबाजूला वाटून देत असेल तर आराम पडतो. गादी नेमकी नसेवरच आली तर आपणच पैसे देऊन तिथे खडा ठेवल्यासारखं. माउंटन बाइकवर हात सारखे हलत असतात, म्हणून इथे पातळ गादी पुरते. बधिरपणा रोजचाच असेल तर आधी सीट आणि हँडलबारची उंची तपासा, आणि तरी राहिला तर डॉक्टरकडे.

## "मोठे खेळाडू तर उघड्या हातांनी उतरतात"

उतरतात, खरं आहे. डाउनहिलच्या, म्हणजे नुसत्या उताराच्या शर्यतींच्या, अव्वल स्वारांमध्ये काही जण ग्लोव्हज घालत नाहीत. त्यांना ग्रिपचा स्पर्श थेट हवा असतो, रोजच्या सरावानं तळहात घट्टे पडून टणक झालेले असतात, आणि शर्यत काही मिनिटांत संपते. शिवाय खाली वैद्यकीय पथक उभं असतं. आपण सोमवारी सकाळी लॅपटॉपवर टाइप करणारी माणसं. सोललेल्या तळहातानं कांदा चिरून बघा, आंघोळ करून बघा, मग ठरवा.

## जास्त टिकवायचा असेल तर

घाम वाळला की मिठाचे कण उरतात आणि ते आतून घासतात. म्हणून दोन-तीन फेऱ्यांनंतर ग्लोव्ह थंड पाण्यात, साध्या साबणानं, हातानंच धुवावा. मनगटाला व्हेल्क्रोची चिकटपट्टी असेल तर बंद करून, नाहीतर तिचे बारीक हूक जाळीदार कापडाचे धागे उपसतात. पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा, सावलीत पंख्याखाली वाळवायचा. पावसाळ्यात ओला ग्लोव्ह बॅगेत तसाच कोंबून ठेवला तर पुढच्या रविवारी बॅग उघडायची हिंमत होत नाही.

आणि ग्रिप बघा. दर वर्षी ग्लोव्ह खाणारी खरबरीत ग्रिप असेल तर ती बदलणं जास्त स्वस्त पडतं.

शिवण्याचं म्हणाल तर उसवलेली शिवण जरूर शिवून घ्यावी. भाच्यानं मात्र भोकालाच ठिगळ लावायचं ठरवलं. चौकात चपला दुरुस्त करणाऱ्या काकांकडे तो गेला. त्यांनी ग्लोव्ह हातात घेऊन आत बोट घातलं, भोकातून बाहेर काढून हलवलं आणि विचारलं, "ठिगळ लावतो, पण कड लागेल. चालेल?" याला वाटलं, चालेल. मेण लावलेला नायलॉनचा दोरा, जुन्या दप्तराचा तुकडा, चाळीस रुपये. काम इतकं सुबक की मीही तारीफ केली. पुढच्या रविवारी तासाभरात ठिगळाची कड तळहातात रुतून बरोबर त्याच जागी फोड आला, जिथे मुरूमही कातडीला काही करू शकला नव्हता.

तो ग्लोव्ह आता चेन पुसायला आहे. जोडीतला डावा अजून धडधाकट आहे आणि भाचा तो टाकायला तयार नाही. कुणाचा तरी उजवा शाबूत असलेला, डावा फाटलेला, याच मापाचा ग्लोव्ह मिळेल म्हणून त्यानं ग्रुपवर फोटो टाकून ठेवलाय.